गादीत देशी रुई, उशीत सावर : आमची वाटचाल

वडिलांनी नाशिकला गाद्यांचं दुकान टाकलं तेव्हा गादीत देशी रुई आणि उशीत सावर, म्हणजे काटेसावरीच्या झाडाच्या बोंडातला कापूस, भरायची, हे ठरलेलंच होतं. दुसरं काही फारसं मिळतही नव्हतं. आम्ही दोघा भावांनी धंदा हाती घेतला तोवर बाजारात फायबर, म्हणजे कृत्रिम धाग्याचा कापूस, आलं. स्वस्त, पांढरंशुभ्र, पिंजायची कटकट नाही. आजूबाजूची दुकानं भराभर तिकडे वळली. आम्हीही फायबर ठेवतो, पण गिऱ्हाईकाने मागितल्याशिवाय पुढे करत नाही.

देशी रुईचा धागा आखूड आणि खरबरीत. बारीक सुताच्या गिरणीला तो नको असतो. गादीला मात्र तोच हवा, कारण दबला तरी पुन्हा उठतो. लांब धाग्याची मऊ रुई लवकर बसते, गोळे धरते. २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि पुढे देशीचा पेरा इतका घटला, की आता चांगला माल जमवताना नाकी नऊ येतात. बाजारात चिंध्या पिंजून, त्यात फायबर मिसळून ‘प्युअर कॉटन’ म्हणून गाद्या विकल्या जातात, याची मला मनापासून चीड आहे. म्हणून आमच्याकडे गिऱ्हाईकाच्या डोळ्यांदेखत गादी भरतो. शंका असेल तर चिमूटभर कापूस काडीने पेटवून दाखवतो. रुई कागदासारखी जळते, राख बोटांत चुरते. फायबर वितळून आकसतं आणि टणक मणी उरतो.

सावर हा माझा खास जिव्हाळ्याचा विषय. काटेसावर शिमग्याच्या सुमारास लाल फुलते, उन्हाळ्यात बोंडं पिकतात. ती फुटायच्या आत काढावी लागतात, नाहीतर सगळा कापूस वाऱ्यावर जातो. उन्हात वाळवतानाही वर पातळ कापड टाकायचं. रुईसारखी ही जिनिंगला न्यावी लागत नाही; धागा बीला चिकटलेला नसतो, काठीने झोडपलं की बी खाली गळतं. धागा आतून पोकळ, वरून मेणचट, त्यामुळे उशी हलकी राहते आणि घामाने जड होत नाही. तिच्याच जातकुळीतल्या पांढऱ्या सावरीचा कापूस एकेकाळी बोटींवरच्या लाइफ जॅकेटमध्ये भरत, तो पाण्यावर तरंगतो म्हणूनच.

सावरीचं सूत नीट कातता येत नाही आणि काही वर्षांनी तिचा भुगा होऊ लागतो. घरात कुणाला दमा असेल तर आम्ही सावरीची उशी देत नाही, भले गिऱ्हाईक परत जावो. त्यांना फायबरची, धुता येणारी उशी घ्या म्हणून सांगतो.

मोठ्या हॉटेलांत राहून आलेले लोक हल्ली पिसांची उशी मागतात. हंसाच्या किंवा बदकाच्या अंगालगतची मऊ पिसं थंड, कोरड्या मुलखात उत्तमच. थोडक्या वजनात भरपूर ऊब. हंसाची पिसं सहसा मोठी आणि जास्त फुलणारी, म्हणून महाग. पण आपल्या पावसाळ्यात ती ओल धरतात, गोळे होतात आणि लवकर वाळत नाहीत. शिवाय पिसं बाहेर येऊ नयेत म्हणून खोळीचं कापड फार घट्ट विणीचं लागतं. त्या कामात आम्ही पडलो नाही.

नवी सावर दुकानात मे महिन्यात येते. जुना माल आम्ही तिच्यात मिसळत नाही आणि साठा संपला की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत सावरीच्या उशीची ऑर्डर घेत नाही. ज्यांना हव्यात त्यांनी पावसाआधी सांगून ठेवावं.