तुम्ही विचारलंत म्हणून : ‘हे फक्त पृष्ठभागावरच असेल ना?’

कॉपर-ऑक्साइड सुपरकंडक्टरमधल्या चार्ज ऑर्डरवर, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या ठरावीक अंतराने दाट-विरळ होणाऱ्या मांडणीवर, मी कुठेही बोलले, की एक हात वर होतोच. ‘तुम्ही एसटीएमने बघता, म्हणजे वरचा थर. आत असं काही नसेल तर?’

शंका रास्त आहे. एसटीएम, म्हणजे सुईसारखी टिप पृष्ठभागावरून फिरवून करंट मोजणारा सूक्ष्मदर्शक, वरचंच बघतो. खटकतो तो तिच्यातला ‘फक्त’. या कुळातली बिस्मथची संयुगं निर्वातात फोडली की ती दोन बिस्मथ-ऑक्साइड थरांमध्ये सुटतात; तिथला बंध मुळातच कमजोर, म्हणून उघडा पडलेला थर फारसा बिघडत नाही. वायबीसीओची, म्हणजे यिट्रियम-बेरियमच्या कॉपर-ऑक्साइडची, गोष्ट निराळी. तिथे फोडताच पृष्ठभागावरचा चार्ज हलतो, तिथे तुमच्याआधी मीच संशय घेईन. पण त्याच वायबीसीओच्या आत, स्फटिकातल्या अणूंच्या जाळीच्या जवळपास ३.२ घरांच्या अंतराने येणारी चार्ज ऑर्डर २०१२ साली क्ष-किरणांनी दाखवली. २०१४ मध्ये बिस्मथच्या संयुगांवर एसटीएम आणि क्ष-किरण यांचे आकडे जुळले. मग मी इतकी चिडते का?

कारण मी फसले होते, आणि पृष्ठभागामुळे नव्हे.

माझ्या नकाशात चार-चार घरांवर पट्टे उमटले होते. इलेक्ट्रॉन-लहरी अशुद्धींवर आपटून असेच तरंग उठवतात, पण ऊर्जा (ती टिप आणि नमुना यांमधल्या व्होल्टेजने ठरते) बदलली की त्यांची लांबी बदलते. माझे पट्टे हलत नव्हते. फूरिए रूपांतरात पट्ट्यांमधलं ठरावीक अंतर एक ठिपका होऊन दिसतं; तो ठिपका प्रत्येक ऊर्जेला त्याच जागी. मला आणखी काय हवं होतं? लेख लिहून झाला. पाठवायच्या आधी एका सहकाऱ्याने विचारलं, ‘टिपची उंची कोणत्या व्होल्टेजला ठरवली होतीस?’ मी सांगितलं. ‘दुसऱ्या व्होल्टेजला ठरवून बघ.’

त्या रात्री तोच तुकडा, तीच टिप. सेटपॉइंट, म्हणजे उंची ठरवायचं ते व्होल्टेज, बदलला आणि सकाळपर्यंत पट्टे जवळजवळ पुसले गेले. टिप ठरावीक करंट राखायला वरखाली होत होती, आणि एका व्होल्टेजवरची तिची ती हालचाल सगळ्या ऊर्जांच्या नकाशांवर छापली जात होती. न हलणारा ठिपका म्हणजे पुरावा, असं मी ठाम मानलं होतं. तो ठिपका मीच तयार केला होता. लेख मी परत उघडला नाही. खूप दिवस नकाशेही उघडले नाहीत.

पुढे अधिक आणि उणे व्होल्टेजच्या नकाशांचं गुणोत्तर काढायला लागले. त्यात उंचीची चूक अंशात आणि छेदात सारखीच येते, म्हणून कटते. तरी काहीतरी उरलं. पुसट, तुकड्यातुकड्यांचं, पण चारच घरांचं. तेव्हाची मी म्हणते, ‘बघ, मी चूक नव्हते.’ मी तिला म्हणते, तुझं उत्तर जुळलं, तुझ्याकडे कारण नव्हतं. ती ऐकत नाही.

आणि तुमच्या प्रश्नाचं? आत आणि वर लांबी जुळते, एवढं सांगते. जोर तितकाच आहे का, हे त्या जुळण्यातून निघत नाही. क्ष-किरण मोठ्या भागाची सरासरी देतात, मी काही नॅनोमीटर बघते. पुढच्या वेळी हात वर केलात तर सेटपॉइंटही विचारा.