रोमेन, सासूबाई आणि दहा दिवस

२० नोव्हेंबर २०१८, मंगळवार. थँक्सगिव्हिंग, म्हणजे अमेरिकेतला मोठ्या जेवणावळीचा सण, दोन दिवसांवर आलेला. न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या आमच्या घरी बारा माणसं जेवायला यायची होती आणि माझ्या फ्रिजमध्ये सॅलडचे दोन मोठे डबे तयार होते. त्याच दुपारी सीडीसीची, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेची, सूचना आली: रोमेन लेट्यूस (सॅलडमध्ये कच्चाच घालतात तो लांब पानांचा पाला) खाऊ नका, घरात असेल तर टाकून द्या.

एरवी अशा सूचनेत कंपनीचं नाव असतं, लॉट नंबर असतो. पाकिटाशी ताडून बघायचं, आपलं नाही म्हटल्यावर विषय संपला. इथे तसलं काहीच नव्हतं. अख्खा गड्डा, चिरलेली, मिक्समधली, कुठल्याही ब्रँडची, सरसकट सगळी. ११ राज्यांत ३२ जण ई. कोलाय नावाच्या जंतूने आजारी पडले होते आणि पाला कुठल्या शेतातून आला तेच सापडत नव्हतं.

आमच्या डब्यावर नुसतं 'स्प्रिंग मिक्स' लिहिलेलं. त्यात रोमेन आहे की नाही कोण सांगणार? कळत नसेल तर टाका, असंही सूचनेत होतं. मी कचऱ्याचा डबा ओढला.

"अगं, फेकतेस काय? चांगली ताजी आहे की!" साताऱ्याहून आलेल्या सासूबाई मागेच उभ्या होत्या. "मिठाच्या पाण्यात बुडवून ठेव अर्धा तास."

"आई, धुऊन नाही जात ते. पानाला चिकटून बसतं."

"मग शिजव."

बोलणं खरं तर बरोबर होतं, नीट शिजवलं की हे जंतू मरतात. पण लेट्यूसची भाजी करून बारा माणसांना वाढणार कोण? गंमत म्हणजे देशी दुकानातून मेथी आणली की मी ती चार पाण्यांतून काढते, आणि हा डबा मात्र 'तीनदा धुतलेली' एवढं वाचून सरळ ताटात. कारखान्यात हजारो गड्डे एकाच पाण्यातून जातात, हे त्या दिवसापर्यंत डोक्यातच आलं नव्हतं.

पाला टाकून भागलं नाही. भाजीचा ट्रे बाहेर काढला तर तळाशी हिरवट पाणी साचलेलं, आणि त्यातच कोथिंबिरीची जुडी टेकलेली. तीही गेली. ट्रे, कप्पे, चिरायची फळी, सगळं साबणाच्या गरम पाण्याने घासलं, मग गॅलनभर पाण्यात मोठा चमचाभर ब्लीच घालून पुसून घेतलं. ओट्यावरचं फडकंही फेकलं. रात्रीचे साडेअकरा वाजले. दुकानाने दुसऱ्या दिवशी पैसे परत दिले, एक प्रश्न विचारला नाही.

खरी धास्ती वेगळीच होती. रविवारी माझ्या सहा वर्षांच्या लेकाने वाटीभर सॅलड खाल्लं होतं, आयुष्यात पहिल्यांदा, तेही मी मागे लागले म्हणून! डॉक्टरांकडच्या नर्सला फोन केला. लक्षणं बहुतेकदा तीन-चार दिवसांत दिसतात, पण दहा दिवस लक्ष ठेवा, म्हणाली. शौचाला रक्त दिसलं किंवा शू कमी झाली तर लगेच घेऊन या, कारण लहान मुलांच्या किडनीवर जाऊ शकतं. आणि जुलाब झाले तर थांबवायची गोळी, अँटिबायोटिक, काही म्हणजे काही आपल्या मनाने देऊ नका. फोन ठेवून मी सासूबाईंचा भारतातून आणलेला औषधांचा डबा उचलला आणि कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला. त्या दोन दिवस माझ्याशी तुटक बोलल्या.

थँक्सगिव्हिंगला काकडीची कोशिंबीर झाली. शुक्रवारी लेकाचं पोट दुखलं, माझ्या पोटात गोळा आला; निघालं 'पाय' (pie) हे गोड पक्वान्न खाण्याचं अजीर्ण. बुधवारी २८ तारखेला दहा दिवस भरले. काही झालं नाही.

दरम्यान २६ तारखेला संशय कॅलिफोर्नियाच्या मध्य किनाऱ्यावर स्थिरावला आणि कुठे, कधी काढली ते छापलेली रोमेन दुकानात येऊ लागली. पुढे सांता बार्बरा काउंटीतल्या एका शेततळ्याच्या गाळात तोच जंतू सापडला. ९ जानेवारीला साथ संपल्याचं जाहीर झालं तेव्हा आकडा ६२ वर गेला होता. सुदैवाने मृत्यू एकही नाही.

डिसेंबरात मी दुकानात एक गड्डा उचलून लेबल वाचलं: युमा, ॲरिझोना. त्याच वर्षी वसंतात युमाच्याच रोमेनने २१० जण आजारी पडले होते, पाच दगावले होते. गड्डा परत ठेवला, कोबी घेतला.

"कच्चा पाला खावा कशाला माणसाने," असं महिनाभर ऐकवणाऱ्या सासूबाईंनी त्याची मस्त पचडी केली. वरून फोडणी तेवढी.