सहा पांढऱ्या पुड्या

कुणाला रसायनशास्त्र येतं की नाही, हे त्याच्या हातात परीक्षानळी दिल्याशिवाय कळत नाही, असं आमच्या विज्ञानाच्या बाईंचं ठाम मत होतं. त्या मतापायी त्यांनी शाळेच्या विज्ञान मंडळात एक प्रथा पाडली आणि ती अजून चालू आहे. दर वर्षी २८ फेब्रुवारीला आठवी-नववीच्या मुलांची रसायनाची परीक्षा घ्यायची, पण प्रश्नपत्रिका नाही आणि उत्तरपत्रिकाही नाही. सी. व्ही. रामन यांनी १९२८ साली आपला शोध जाहीर केला तो हा दिवस; १९८७ पासून तो राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी आमच्याकडेही भाषण व्हायचं, रांगोळ्या निघायच्या. पण सगळ्यांचं लक्ष असायचं ते प्रयोगशाळेतल्या लांब टेबलाकडे. तिथे वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या सहा पुड्या मांडलेल्या असत.

सहाही पुड्यांत पांढरी पूड. मीठ, साखर, खायचा सोडा, धुण्याचा सोडा, तुरटी आणि नवसागर. नावं फळ्यावर लिहिलेली असत, कोणत्या पुडीत काय ते ओळखायचं. सगळं वाण्याच्या दुकानातलं, घरोघरी असणारं. सोबत पाणी, लिंबाचा रस, हळदीत बुडवून वाळवलेले कागद, आम्ल की अल्कली ते रंग बदलून सांगणारा लिटमस, चुन्याची निवळी आणि स्पिरिटचा दिवा. चव घ्यायला सक्त मनाई. बोट जिभेकडे गेलं की अख्खा गट बाद. ही एक अट होती म्हणूनच त्या फेरीत जीव होता. मीठ आणि साखर न चाखता ओळखायची म्हटल्यावर मुलं पहिल्यांदा त्या दोन पदार्थांकडे नीट बघायची.

साखर तापली की वितळते, तांबूस होते, मग काळी पडते, आणि वास तर लपतच नाही. मीठ नळीत तडतडतं आणि पांढरंच राहतं. तुरटी स्वतःच्याच पाण्यात विरघळून फुगते. आजीकडून ‘तुरटीची लाही’ ऐकलेली मुलं तिथे चटकन उत्तर द्यायची. नवसागर तापवला की पांढरा धूर होऊन नळीच्या वरच्या गार भागाला चिकटतो आणि ओल्या चुन्याबरोबर रगडला की अमोनियाचा असा भपकारा येतो की शेजारचा गटही मान मागे घेतो. राहिले दोन सोडे. दोन्हीवर लिंबू पिळलं की फसफस होते. तिथे हळदीचा कागद कामाला यायचा: धुण्याच्या सोड्यानं तो क्षणात लालभडक होतो, खायच्या सोड्यानं जेमतेम रंग बदलतो.

गुण दहा. पाच नावाचे, पाच कारणाचे. नाव बरोबर आलं की बाई मान डोलवायच्या आणि लगेच विचारायच्या, “कशावरून?” नुसत्या अंदाजानं सहाच्या सहा पुड्या ओळखणारा गट मागे पडायचा आणि चारच ओळखून चारही पटवून देणारा पुढे जायचा. पालकांना हे पहिल्या पहिल्यांदा पटत नसे. मला मात्र यातच बाईंचं मोठेपण दिसतं.

एका वर्षीचा प्रसंग आमच्या वेळची सगळी मुलं आजही सांगतात. नववीतल्या एका मुलीनं खायचा सोडा नळीत तापवला. निघालेला वायू चुन्याच्या निवळीत सोडला, निवळी दुधासारखी झाली, उत्तर मिळालं. नियमाप्रमाणे ती तिथेच थांबू शकत होती. पण नळीत उरलेली पूड तिनं पाण्यात कालवली आणि हळदीच्या कागदावर थेंब टाकला. कागद लाल! तिनं तोच कागद वर धरला आणि ओरडलीच, “बाई, हा खायचा सोडा होता, आता धुण्याचा झाला!” खोली शांत झाली. बाईंनी तिच्या हातात खडू दिला. तिनं फळ्यावर समीकरण मांडलं: सोडियम बायकार्बोनेटचे दोन रेणू तापले की सोडियम कार्बोनेटचा एक, पाण्याचा एक आणि कार्बन डायऑक्साइडचा एक. हे समीकरण आम्ही सगळ्यांनी वहीत लिहिलेलं होतं. नळीत ते घडताना पाहिलं त्या दिवशी.

दुसरी फेरी चुन्याच्या निवळीचीच, पण वेगळी. पानाच्या ठेल्यावरचा चुना आदल्या दिवशी भिजवून वरचं नितळ पाणी काढून ठेवलेलं असे. बॉलपेनच्या रिकाम्या नळीनं त्यात फुंकायचं. निवळी गढूळ झाली की मुलं थांबायची आणि पाठ असलेलं उत्तर द्यायची: उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड, कॅल्शियम कार्बोनेटचा साका. बाई म्हणायच्या, “बरं. आता आणखी फुंका.” गाल दुखेपर्यंत फुंकलं की पांढरेपणा हळूहळू नाहीसा व्हायचा आणि पाणी पुन्हा नितळ. आता पाठांतर संपलं, विचार सुरू. जास्तीच्या वायूनं कार्बोनेटचं बायकार्बोनेट होतं आणि ते पाण्यात विरघळतं, इथपर्यंत कुणीतरी पोचायचंच. मग बाई नळी तापवायला सांगायच्या आणि साका परत यायचा.

ज्योतीच्या रंगांच्या फेरीसाठी खिडक्यांना चादरी लावायच्या. प्लॅटिनमची तार शाळेला परवडणारी नव्हती. शेगडीच्या जुन्या कॉइलची निक्रोम तार क्षारात बुडवून ज्योतीत धरायचो. तांब्याचा क्षार हिरवा, कॅल्शियमचा विटकरी, स्ट्रॉन्शियमचा गडद लाल. पोटॅशियमचा फिकट जांभळा रंग सोडियमच्या पिवळ्याखाली दडतो, म्हणून तो निळ्या काचेतून बघायचा. आणि काहीही न लावलेली तारसुद्धा पिवळी का चमकते, हा बाईंचा आवडता प्रश्न. उत्तर बोटांच्या घामात असायचं. घामात मीठ, मिठात सोडियम.

आवर्तसारणीची फेरी मात्र भिंतीवर व्हायची. शिवणकामाच्या बाईंनी जुन्या चादरीवर खिसे शिवून दिले होते आणि प्रत्येक खिशात एका मूलद्रव्याचं कार्ड. त्यातलं एक कार्ड गुपचूप काढून घेतलेलं असे. शेजाऱ्यांवरून हरवलेल्याचं वर्णन करायचं: धातू की अधातू, संयुजा (दुसऱ्या अणूंशी जोडलं जायची क्षमता) किती, अणुवस्तुमान साधारण किती. लिथियम ७, पोटॅशियम ३९, तर मधलं? दोन्हींची सरासरी २३, सोडियम. डोबेरायनर या रसायनशास्त्रज्ञाची त्रिकं, म्हणजे सारख्या गुणधर्मांच्या तीन-तीन मूलद्रव्यांचे गट, अशी बोटांवर मोजून कळायची. आवर्तसारणी मांडणाऱ्या मेंडेलीव्हनं १८६९ मध्ये न सापडलेल्या मूलद्रव्यांसाठी रिकाम्या जागा सोडल्या आणि पुढे १८७५ मध्ये गॅलियम, १८७९ मध्ये स्कँडियम, १८८६ मध्ये जर्मेनियम सापडून त्या भरल्या, हे आम्ही त्या रिकाम्या खिशासमोर उभं राहून ऐकलं. इतिहासाचा तो तुकडा मला कधी घोकावा लागला नाही.

सगळ्यात मोठी गर्दी झाली ती कल्हईवाले काका आले त्या वर्षी. बाजारच्या दिवशी देवळाच्या पारापाशी बसायचे. बाईंनी त्यांना रीतसर पाहुणे म्हणून बोलावलं, नारळ दिला, आणि शाळेच्या अंगणात भाता लावायला सांगितला. काकांनी पितळेचं पातेलं तापवलं, नवसागर भुरभुरवला, पांढऱ्या धुराचा लोट उठला, मग कथलाची कांडी टेकवली आणि कापसाच्या बोळ्यानं दोन-चार फेऱ्यांत पातेलं आतून चंदेरी झालं. मग प्रश्न सुरू. नवसागर कशाला? काका म्हणाले, “त्याच्याबिगर कथील धरतंच न्हाई, बाळा.” ते का धरत नाही, हे मुलांनी सांगायचं. नवसागर तापून त्यातून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड सुटतो, त्यानं भांड्यावरचं ऑक्साइडचं कीट निघतं आणि स्वच्छ धातूवर कथील बसतं. कथील वितळतं पण पातेलं कसं वितळत नाही? कथलाचा वितळणबिंदू २३२ अंश सेल्सिअस, तांब्याचा १०८५, आणि पितळ बरंच त्याच्या जवळचं. बिनकल्हईच्या भांड्यात ताक का कळकतं? आंबटातलं आम्ल तांब्याला खातं. काका एकेक उत्तर कान देऊन ऐकत होते. शेवटी म्हणाले, “माझा बा हेच करायचा, पर असं कुणी इचारलं न्हाई.” त्यांच्या आणि बाईंच्या चेहऱ्यावरचा आनंद सारखाच होता.

मुलांचं मूलभूत ज्ञान तपासायच्या परीक्षा आता पुष्कळ निघाल्या आहेत. त्यातल्या बऱ्याच चार पर्यायांतून एक निवडण्याच्या. त्यांना माझा विरोध नाही, चाळणी म्हणून त्या उपयोगी पडतात. पण होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिकाची फेरी असते, ती मला जास्त महत्त्वाची वाटते. संयुजा पाठ असलेला मुलगा आणि आम्ल नेहमी पाण्यात हळूहळू ओतायचं, पाणी आम्लात नाही, हे हाताला माहीत असलेला मुलगा, यांतला फरक कागदावर दिसत नाही.

मी पुढे साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागलो. तेव्हापासून माझ्याकडेही एक फेरी आहे. गाळप चालू असतं, त्यामुळे ताजा रस मिळतो. तो घेऊन जातो आणि मुलांना विचारतो, याला लिटमस लावा आणि सांगा आम्ही यात चुना का घालतो. उसाचा रस मुळात आम्लधर्मी, सामू (आम्लतेचं माप; सात म्हणजे उदासीन) पाच-साडेपाचच्या आसपास. तसाच तापवला तर साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं आणि तेवढी साखर दाण्यात येत नाही. चुन्याच्या दुधानं आम्ल मारायचं, मग गंधकाचा धूर सोडून जास्तीचा चुना मारायचा, शेवटी रस उदासीन. गुऱ्हाळ असलेल्या घरातली पोरं लगेच पुढे सरसावतात. काहिलीत चुना किती टाकायचा हे त्यांच्या घरचा गुळव्या रस बघून ठरवतो, ते कसं ठरवतो हे त्यांनी पाहिलेलं असतं. लिटमस न लावता त्यांना अर्धं उत्तर ठाऊक असतं, उरलेलं अर्धं आम्ही मिळून काढतो.

बाई निवृत्त झाल्या, तरी त्या दिवशी पहिल्या बाकावर असतात. अलीकडे आणखी एक फेरी वाढली आहे: मुलांनी विचारायचं, माजी विद्यार्थ्यांनी उत्तर द्यायचं. मागच्या खेपेला आठवीतली एक मुलगी तीन बाटल्या घेऊन आली. एकीत बोअरचं पाणी, दुसरीत तेच पाणी उकळून गार केलेलं, तिसरीत गाडीच्या बॅटरीत घालतात ते पाणी. तिन्हींत साबणाचा सारखाच कीस. तिनं बाटल्या हलवल्या. बॅटरीच्या पाण्यात फेस बुचापर्यंत आला, बोअरच्या पाण्यात नुसती चोथ्यासारखी साय, उकळलेल्यात मध्यम. “आमच्या घरी बोअरच्या पाण्यात तूरडाळ शिजत नाही, आई चिमूटभर सोडा टाकते. का?” आम्ही दोघा-तिघांनी मिळून सांगितलं: पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमनं साबणाचा फेस मरतो, तेच कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवतं, सोड्यानं ती पकड सुटते. उकळल्यावर कॅल्शियम बायकार्बोनेटचं कार्बोनेट होऊन खाली बसतं, म्हणून फेस थोडा वाढला. सल्फेट आणि क्लोराइड उकळूनही जात नाहीत, म्हणून पुरता वाढला नाही.

पहिल्या बाकावरून बाई म्हणाल्या, “खाली बसतं ते कार्बोनेटच कशावरून?”

आम्ही एकमेकांकडे बघत होतो तेवढ्यात त्या मुलीनं पिशवीतून पाणी उकळलेलं पातेलं काढलं. तळाला पांढरा पापुद्रा धरलेला होता. तिनं त्यावर लिंबू पिळलं. बारीक फसफस झाली. बाईंनी शेजारच्या सरांकडून गुणपत्रक मागून घेतलं आणि त्या मुलीच्या नावापुढे स्वतःच्या हातानं दहापैकी दहा लिहिले.