डिएंगचा बटाटा आणि डोंगरावरून निघून चाललेली माती

इंडोनेशियातलं जावा म्हटलं की आपल्याला भातखाचरं, नारळ आणि घाम काढणारा उकाडा आठवतो, पण डिएंगला यातलं काहीच नाहीये. मध्य जावामधलं हे पठार दोन हजार मीटरच्या आसपास आहे, इथे भात पिकतच नाही, तांदूळ खालून येतो, आणि इथून खाली जातो तो बटाटा. कोबी, कांद्याची पात, गाजर पण होतं, पण गावाचा पैसा म्हणजे बटाटा.

मी सेम्बुंगान नावाच्या गावात राहिले होते, गावाच्या कमानीवरच लिहिलंय की हे जावा बेटावरचं सगळ्यात उंच गाव. बहुतेक लोक इथे येतात ते सिकुनिर टेकडीवरचा सूर्योदय बघायला, पहाटे चढतात, फोटो काढतात आणि नाश्ता करून खाली वोनोसोबो शहराला परत. मला मात्र शेतंच बघायची होती, आणि ज्यांच्या घरी राहिले त्या इबूंना (इबू म्हणजे आई, बाईंना आदराने असंच म्हणतात) याचं फार नवल वाटलं, म्हणाल्या शेतात काय बघायचंय, चिखल तर आहे. पण मग त्यांनीच सगळं दाखवलं.

आधी थंडीचं सांगते. घरातली सगळ्यात महत्त्वाची जागा म्हणजे स्वयंपाकघर, कारण चूल तिथे असते. पाहुणा आला की त्याला बैठकीच्या खोलीत न बसवता सरळ चुलीपाशी नेतात, हातात गरम चहा, समोर तळलेलं तेम्पे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, आणि सगळे सारोंग, म्हणजे लुंगीसारखं कापड, खांद्यावरून गुंडाळून शेकत बसलेले. मला हे पाहुणचाराचं रूप फार आवडलं. जुलै-ऑगस्ट म्हणजे इथला कोरडा सीझन, तेव्हा रात्री आभाळ स्वच्छ असलं की तापमान शून्याखाली जातं आणि पहाटे पानांवर बर्फाचा पांढरा थर बसतो. त्याला इथे एम्बुन उपास म्हणतात, उपास म्हणजे विष. टुरिस्टांना हे बघायचंच असतं, अर्जुन मंदिराच्या आवारात त्यासाठी पहाटे गर्दी होते. पण ज्याच्या शेतात तो थर पडला त्याचं बटाट्याचं पीक ऊन वर आलं की काळं पडतं, भाजल्यासारखं, आणि बेणं, खत, मजुरी सगळं गेलं. एकाच सकाळी एकाच गावात कोणी खूष होऊन फोटो टाकतंय आणि कोणाचं वर्षाचं गणित बिघडलंय. इबू स्वतः होमस्टे चालवतात आणि शेतीही करतात म्हणजे दोन्ही बाजू त्यांच्याच घरात आहेत.

बटाटा इथे जोरात आला तो १९८० च्या दशकात. त्याआधी मका, तंबाखू असली पिकं होती, म्हातारी माणसं अजून मक्याचा भात खाल्ल्याचं सांगतात. बटाटा साधारण साडेतीन-चार महिन्यांत निघतो, वर्षातून दोनदा, पाणी असेल तर तीनदा सुद्धा लावतात, आणि त्याने खरंच लोकांची आयुष्यं बदलली. पक्की घरं झाली, पोरं शिकायला बाहेर गेली, कितीतरी लोक हजला जाऊन आले. बाहेरची माणसं येऊन "बटाट्याने डोंगर खाल्ला" असं पटकन म्हणून जातात ना, त्यांनी हे आधी लक्षात घ्यावं.

पण डोंगराची हालत खरोखर वाईट आहे, तेही लपवण्यात अर्थ नाही. इथले वरंबे उताराला आडवे नसतात, वरून खाली सरळ गेलेले असतात. शेतीची थोडी माहिती असलेला कोणीही हे बघून चक्रावेल कारण अशाने प्रत्येक पावसात माती सरळ धुपून जाणार. मी विचारलं तर उत्तर एकदम स्पष्ट मिळालं, बटाट्याला मुळाशी पाणी साचलेलं चालत नाही, इथे पाऊस प्रचंड आणि हवा सतत दमट, आडवे वरंबे केले की पाणी अडतं, कंद सडतात, करपा येतो. म्हणजे माती वाचवायची तर या हंगामातलं पीक धोक्यात, आणि पीक वाचवायचं तर माती जाते. अर्धा हेक्टर पण नसलेला माणूस यात काय निवडणार? यात त्याला अडाणी ठरवणं मला अजिबात पटत नाही, त्याला सगळं कळतं, त्याला थांबायला सवड नाही एवढंच.

मग वरची सुपीक माती गेली की ती भरून काढायला कोंबडखत लागतं, ट्रकच्या ट्रक भरून येतं, रस्त्याकडेला पोत्यांच्या थप्प्या असतात आणि त्या दिवसांत घरात माशाच माशा. पावसाळ्यात करप्यासाठी फवारणी तर सतत चालू, आणि फवारणाऱ्यांपैकी तोंडाला नीट मास्क लावलेला माणूस मला क्वचितच दिसला. कोरड्या दिवसांत तळ्यांमधून पंपाने पाणी उचलतात, काळ्या-निळ्या पाइपांचं जाळं अख्ख्या डोंगरावर पसरलेलं असतं. खर्च दरवर्षी वाढतो आणि भाव मात्र गोळा करायला येणारा व्यापारी सांगेल तो. २०११ मध्ये चीन आणि बांगलादेशातून स्वस्त बटाटा आला तेव्हा इथले शेतकरी पार जकार्तापर्यंत निषेध करायला गेले होते, यावरून समजा किती टोकाला आलं असेल.

आणि १९९८ मध्ये राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंची सत्ता गेल्यानंतरच्या गोंधळात सरकारी जंगलं पण भराभर तुटली, तेव्हा जे उतार उघडे पडले त्यातले बरेच पुन्हा झाकले गेले नाहीत. इथली माती सेरायू नदीत जाते, कारण नदीचा उगमच या पठारावर आहे, आणि पुढे बंजारनेगाराजवळच्या म्रिचा धरणात जाऊन साठते. ते धरण १९८० च्या दशकात वीज आणि सिंचनासाठी बांधलं, म्हणजे साधारण बटाटा वर चढत होता तेव्हाच, आणि आता ते गाळाने भरत चाललंय. नुसती माती जात नाही, कधीकधी डोंगर पण येतो. डिसेंबर २०१४ मध्ये याच बंजारनेगारा जिल्ह्यात जेम्ब्लुंग नावाची वस्ती दरडीखाली गेली, नव्वदहून जास्त माणसं मेली. ती वस्ती पठाराच्या खाली आहे, तिथली कारणं सगळी हीच होती असं मी म्हणत नाही, पण जोराचा पाऊस सुरू झाला की वरच्या गावांतही लोकांना तेच आठवतं.

या जमिनीखाली ज्वालामुखी जिवंत आहे ते वेगळंच. फेब्रुवारी १९७९ मध्ये सिनिला विवरात स्फोट झाला, लोक घाबरून पहाटे पळाले आणि वाटेत भेगांमधून आलेल्या कार्बन डायऑक्साइडने १४९ जण गेले. वास नाही, रंग नाही, पळता पळता माणसं पडली. मला हे ऐकताना काही बोलताच आलं नाही. आज त्या भागात पण बटाटे लावलेले आहेत.

मग उपाय काय? तज्ज्ञ म्हणतात वरंबे थोडे तिरके घ्या, मध्ये मध्ये आडवे चर खणा, बांधावर झाडं लावा. यातलं एक मला प्रत्यक्ष जमताना दिसलं, कारिका. ही डोंगरी पपई, छोटी, थंडीतच होणारी, मूळची दक्षिण अमेरिकेतली. शेताच्या कडेने लावतात, जागा फार खात नाही, मुळं बांध धरून ठेवतात, आणि फळं पाकात घालून बाटल्यांमधून विकता येतात. बायकांचे गट हे काम करतात आणि तो पैसा बऱ्यापैकी त्यांच्या हातात राहतो. इबूंच्या बांधावर पण ओळीने लावलेली आहे. एकट्या कारिकाने डोंगर वाचणार नाही हे त्याच म्हणाल्या, पण ज्या वर्षी बटाटा पडला त्या वर्षी शाळेची फी यातूनच भरली.

मला वाटतं पैसा खालून वर आला पाहिजे. धरणाची वीज वापरणारी खालची शहरं, तिथून वर मातीसाठी फारसं काही येताना मला दिसलं नाही. दोन-तीन हंगाम उत्पन्न कमी येईल तेवढे दिवस कोणी भरपाई दिली तर आडवे वरंबे करायला तयार असलेले लोक गावात आहेत, मी त्यांच्याशी बोललेय.

तुम्ही गेलात तर सूर्योदयानंतर लगेच उतरू नका, एक रात्र गावातल्या घरात रहा, कारिकाची बाटली बस स्टँडवर न घेता त्याच घरातून घ्या, आणि बर्फाच्या फोटोसाठी कोणाच्या वाफ्यात पाय ठेवू नका, बांधावरून चालायला वाट असते.