विचारणे, साडेतीन

दुपारी साडेतीनला फोन वाजला. डोळा लागण्याच्या बेतात होतो. स्क्रीनवर मीच कधीतरी लावून ठेवलेलं रिमाइंडर: ‘विचारणे.’

बस्स. कुणाला, काय, कशाबद्दल, काही पत्ता नाही. लिहिणाऱ्या गृहस्थाचा स्वतःच्या डोक्यावर भलताच भरवसा असणार. एक क्रियापद पुरे, असं वाटलं त्याला. आणि तो मीच, त्यामुळे चार शब्द सुनवायचीही सोय नाही.

पडल्या पडल्या ओळखीपाळखीची माणसं डोळ्यांसमोरून फिरवली. काहीतरी विचारायचं राहून गेलंय अशांची यादी बरीच लांब निघाली. त्यातले काहीजण आता विचारण्यापलीकडे गेलेत. मग तो नाद सोडला.

बाबा रुमालाला गाठ मारायचे. घराबाहेर पडताना काही आठवलं की खिशातून रुमाल काढायचा, कोपरा बोटाभोवती गुंडाळायचा, टोक आतून ओढायचं आणि दातांनी आवळायचं. काम फारच महत्त्वाचं असेल तर दोन गाठी. संध्याकाळी दारात बूट काढता काढता घाम पुसायला रुमाल काढला की ती गाठ गालाला टोचायची आणि ते जागीच थबकायचे. एक बूट पायात, एक हातात. “अरे, ही कशाची?” आम्ही भावंडं लगेच मदतीला धावायचो. “सायकलची असेल, बाबा. घेऊ म्हणाला होतात.” आमच्या सगळ्या सूचना अशाच आमच्या सोयीच्या. आई मात्र धुवायला टाकताना गाठ सोडायची आणि मोकळी व्हायची. कशाची होती, हे तिने कधी विचारलं नाही.

पण काहीतरी विसरलंय, एवढं तरी ती गाठ इमानाने सांगायची. फोनमध्ये टाकलेलं असं मनावेगळं होतं, की टाकलं होतं हेही उरत नाही.

यावर प्रयोगही झालेत. मानसशास्त्रज्ञ बेट्सी स्पॅरो आणि तिच्या दोन सहकाऱ्यांचा शोधनिबंध 2011 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. लोकांना सटरफटर माहितीची 40 वाक्यं संगणकावर टाइप करायला दिली. निम्म्यांना सांगितलं, हे जपून ठेवलं जाईल. निम्म्यांना सांगितलं, पुसलं जाईल. पुसलं जाणार म्हणून सांगितलेल्यांच्या जास्त लक्षात राहिलं. आणखी एका प्रयोगात वाक्य काय होतं यापेक्षा ते कुठल्या फोल्डरमध्ये गेलं, हेच लोकांना जास्त आठवलं. त्याच निबंधातला एक निराळा प्रयोग पुढे इतरांनी करून पाहिला, तर तसा निकाल आला नाही, हेही खरं. हे सगळं मी आत्ता पुन्हा शोधून वाचलं. आधी वाचलं होतं त्यातलं डोक्यात उरलं होतं एकच, नमुन्यादाखल दिलेलं वाक्य: शहामृगाचा डोळा त्याच्या मेंदूपेक्षा मोठा असतो. ते जाता जात नाही.

परवा तर हद्द झाली. घरून फोन आला, “तो चार आकडी पिन सांग पटकन.” रोज दहादा दाबतो, पण तोंडातून निघेना. शेवटी टेबलावर बोट फिरवून पाहिलं: वर, मध्ये, खाली डावीकडे, परत वर. बोटाला सगळं पाठ होतं, फक्त त्याला बोलता येत नव्हतं. काही अ‍ॅप सुरक्षेसाठी आकड्यांच्या जागा दर वेळी बदलतात ना, तिथे मी नवशिक्यासारखा बघत बसतो. कॅल्क्युलेटरवरही तीच गत. त्याच्या वरच्या ओळीत सात-आठ-नऊ, फोनच्या वरच्या ओळीत एक-दोन-तीन. ही उलथापालथ कुणाच्या डोक्यातून निघाली, देव जाणे.

यातून काहीतरी बरं सांगायचं मनात होतं. गाठीवरून सुरुवात केली तेव्हा ते होतं, एवढं नक्की.

फोन पुन्हा वाजला. ‘विचारणे.’ खाली दोन बटणं: ‘दहा मिनिटांनी’ आणि ‘पूर्ण झाले’. मघाशी झोपेत पहिलं दाबलं असणार. या वेळी दुसरं दाबलं. हिरवी खूण उमटली, ओळ नाहीशी झाली.

झालं म्हणे.