बीची तार आणि आठ इंची स्पीकर

तक्रार एका ओळीची होती. "दादा, बीची तार वाजतच नाही, आणि जोरात वाजवली तर आवाज फाटतो." टेबलावर आलेला बेस (बेस गिटार) हातानं घडवलेला, पाच तारांचा (बी, ई, ए, डी, जी; बी सगळ्यात खर्जाची), ३५ इंच स्केलचा, म्हणजे वाजणाऱ्या तारेच्या लांबीचा. मानेत कार्बन फायबरच्या दोन पट्ट्या, दोन हंबकर पिकअप (तारेचं कंपन विजेत बदलणारी चुंबकं), सिग्नल वाढवणारा १८ व्होल्टचा प्रीअ‍ॅम्प. घरी ज्यावर सराव चालतो तो अ‍ॅम्पही मी मागवून घेतला होता: एक आठ इंची स्पीकर, २० वॅट, पुढच्या बाजूला पोर्ट (पेटीतल्या हवेसाठी ठेवलेलं भोक). तक्रार बेसची आणि कारण अ‍ॅम्पमध्ये, अशी प्रकरणं आमच्या कामात सतत येतात. हे प्रकरण मात्र अजून डोक्यात घोळतंय. शेवटी सरावासाठी कुठला अ‍ॅम्प योग्य, यावर माझं आणि त्या वादकाचं एकमत झालं नाही, आणि त्याचं म्हणणं मला खोडून काढता आलं नाही.

आधी बेसची शहानिशा. १८ व्होल्ट म्हणजे ९ व्होल्टचे दोन सेल एकापुढे एक. ते वेगवेगळे मोजायचे आणि केबल लावलेली असताना मोजायचे, कारण अ‍ॅक्टिव्ह (म्हणजे आत सेलवर चालणारं सर्किट असलेल्या) बेसचं सर्किट जॅकमध्ये प्लग गेल्यावरच चालू होतं. (वाजवून झाल्यावर केबल काढायला सांगतात ते याचसाठी. रात्रभर लावून ठेवली की सेल उगाच झिजतात.) एक सेल ९.३ निघाला, दुसरा ७ च्या खाली. एकत्र मोजले असते तर १६ दिसले असते आणि दुबळा सेल तसाच राहिला असता. दोन्ही बदलले. फाटणं तसंच राहिलं, आणि तशी अपेक्षाही होती. या सर्किटला १६ व्होल्टसुद्धा पुरतात.

मग मानेचा बाक, बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या पट्टीवर) तारेची उंची, पिकअप आणि तारेतलं अंतर. पिकअप बीच्या तारेला फार जवळ असेल तर चुंबक तारेला ओढतो, सूर डळमळतो आणि लवकर विझतो. इथे अंतर ठीक होतं. जीच्या तारेवर पाचव्या-सातव्या फ्रेटच्या आसपास बऱ्याच बेसवर एखादा सूर मेलेला सापडतो. तो दोष मानेच्या स्वतःच्या कंपनाचा असतो, कुठल्याही अ‍ॅम्पनं तो जात नाही. या मानेवर तोही नव्हता. शेवटी बेस थेट स्कोपवर, म्हणजे लहरीचा आकार दाखवणाऱ्या यंत्रावर लावला. बीची तार हातानं ताकद लावून वाजवली तरी लहरीचा माथा गोल, कुठे कापलेला नाही. स्लॅप केल्यावर (अंगठ्यानं तार आपटून वाजवल्यावर) मात्र टोकापासून टोकापर्यंत साडेतीन व्होल्ट भरले. साध्या पॅसिव्ह (आत सेल नसलेल्या) बेसकडून अशा वेळी सहसा याहून कमी मिळतं. हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आता अ‍ॅम्प. ‘फाटतो’ ही तक्रार तीन वेगळ्या जागांहून येते आणि तिन्हींचा इलाज वेगळा. पहिली जागा इनपुटची. गेन (इनपुटची पातळी) कमी करून मास्टर (शेवटचा आवाज) वाढवला आणि आवाज स्वच्छ झाला, तर पहिली पायरीच भरून वाहत होती. अ‍ॅक्टिव्ह बेससाठी बऱ्याच अ‍ॅम्पना १० किंवा १५ डेसिबल घटवणारा वेगळा इनपुट किंवा बटण असतं. म्युझिक मॅन कंपनीनं १९७६ मध्ये स्टिंगरे हा बेस बाजारात आणल्यापासून बेसमध्ये प्रीअ‍ॅम्प असणं ही नेहमीची गोष्ट झाली, तरीही अजून कितीतरी छोटे अ‍ॅम्प या बटणाशिवाय निघतात, आणि ते मला पटत नाही. दोन रेझिस्टर आणि एक बटण, एवढंच तर लागतं. दुसरी जागा पॉवर अ‍ॅम्पची: मास्टर एका मर्यादेपुढे नेला की सगळ्याच तारा एकसारख्या खरखरतात. तिसरी जागा स्पीकरची: वरच्या तारा स्वच्छ, खालच्या तारांवर कोन फडफडतो, आणि तोच अ‍ॅम्प हेडफोनवर मात्र निर्मळ.

इथे पहिली आणि तिसरी, दोन्ही होत्या. पहिली गेन खाली आणून आणि बेसवरचा प्रीअ‍ॅम्प सपाट करून मिटली. तिसरी मिटणारी नव्हती.

उघड्या बीच्या तारेचा मूळ सूर ३०.९ हर्ट्झचा, ईचा ४१.२. आठ इंची स्पीकरच्या छोट्या पेटीचं पोर्ट बहुतेक ६०-७० हर्ट्झच्या आसपास जुळवलेलं असतं. त्याच्या खाली पेटीतली हवा कोनाला आधार देत नाही. कोन नुसता पुढेमागे धावतो आणि आवाज निघत नाही. मग वादक काय करतो? ‘लो’चा (खर्जाचा) नॉब पूर्ण फिरवतो. म्हणजे जिथे स्पीकरला काहीच देता येत नाही, तिथेच त्याच्याकडून जास्त मागतो. या अ‍ॅम्पवरही तो नॉब शेवटाला टेकलेला होता.

बंद (पोर्ट नसलेल्या) पेटीचं गणित सोपं आहे. आठ इंची कोन एका बाजूला ३ मिलिमीटर सरकू शकत असेल, तर एक मीटरवर ईला जास्तीत जास्त ८९ डेसिबल मिळतात आणि बीला ८४. सूर एक सप्तक खाली नेला की तेवढ्याच आवाजासाठी कोनाला चौपट सरकावं लागतं. ८४ डेसिबल खोलीत पुष्कळ आहेत, असं वाटतं. पण बेसच्या सुराचा पहिला ठोका त्याच्या सरासरीपेक्षा १५ ते २० डेसिबल वर जातो. म्हणजे सरासरी ७० वर सराव करणारा माणूसही प्रत्येक ठोक्याला हद्दीवर आदळतो. वॅट वाढवून यात फरक पडत नाही. वॅट दुप्पट केले की ३ डेसिबल मिळतात, तेही कोनाला सरकायला जागा असेल तरच. अ‍ॅम्पेगचा बी-१५ हा १९६० मध्ये आलेला अ‍ॅम्प २५ वॅटचा होता आणि स्टुडिओंमध्ये वर्षानुवर्षं चालला. त्यात स्पीकर १५ इंची होता. दुकानात मात्र आजही पहिला प्रश्न "किती वॅट?" हाच विचारला जातो आणि विकणाराही आनंदानं त्याचंच उत्तर देतो. तो आकडा आवाज किती विकृत होत असताना मोजलाय, १ टक्का की १० टक्के, हे छापलेलं क्वचित सापडतं.

दुसरी अडचण कानाची आहे आणि तिला अ‍ॅम्प जबाबदार नाही. हळू आवाजात खर्ज कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच मोजून मांडलं. आजच्या प्रमाणित आलेखानुसार ३१.५ हर्ट्झचा सूर ऐकू यायला सुरुवात होण्यासाठीच साधारण ६० डेसिबल लागतात. १००० हर्ट्झला दोन-तीन डेसिबल पुरतात. घरात बोलण्याच्या पातळीवर वाजवताना बीचा मूळ सूर जेमतेम उंबरठ्यावर असतो. आपण ऐकतो ते ६२ आणि ९३ हर्ट्झचे वरचे अंश, आणि मेंदू त्यांवरून खालचा सूर जुळवतो. त्यामुळे सरावाच्या अ‍ॅम्पकडून ३१ हर्ट्झ मागण्यात अर्थ नाही. मागायचं ते हे: ६० हर्ट्झपासून वर कुठेही उंचवटा नको, खड्डा नको.

हे वादकाला पटवण्यासाठी फोनवरून ३१ हर्ट्झचा शुद्ध साइन टोन त्याच्या अ‍ॅम्पमध्ये सोडला, आवाज अगदी कमी ठेवून. "ऐकू येतोय की!" तो म्हणाला. मग ६२ चा टोन सोडला. दोन्ही त्याला एकाच सुराचे वाटले. कारण पहिल्या वेळीही स्पीकर ६२च वाजवत होता. मूळ सूर जमत नाही म्हणून कोन त्याची दुप्पट बाहेर फेकतो. ही चाचणी कुणालाही कुठेही करता येते. ३० ते २०० हर्ट्झ सावकाश सरकवत नेलं तर सैल स्क्रू, थरथरणारी जाळी, पोर्टमधून येणारी हवेची फुसफुसही तिथल्या तिथे सापडते.

मग नवीन अ‍ॅम्प निवडायला बसलो. समोर दोन होते. एक दहा इंची स्पीकरचा, ४० वॅट, पोर्ट असलेला, नेहमीच्या घडणीचा. दुसरा पाच इंचाच्या दोन स्पीकरचा, बंद पेटीचा, क्लास-डी (कमी तापणाऱ्या सर्किटचा), १०० वॅट. दुसऱ्याचे कोन लहान, पण लांब सरकणारे. दोघांचं मिळून क्षेत्रफळ एका आठ इंची कोनापेक्षा थोडं कमीच भरतं.

दोन्ही एकाच पातळीवर आणून ऐकायचे, नाहीतर जो जरा मोठा वाजतो तोच चांगला वाटतो. पातळी मोजायला फोनवरचं मीटर चालतं, पण ते ‘सी’ वेटिंगवर ठेवायचं. (वेटिंग म्हणजे कुठल्या कंपनसंख्येला मोजताना किती वजन द्यायचं ते.) बहुतेक अ‍ॅप ‘ए’वर उघडतात आणि ‘ए’ ३१.५ हर्ट्झला तब्बल ३९ डेसिबल कापतं. ‘सी’ फक्त ३. शिवाय फोनचा माइक स्वतःही खर्ज खातो, त्यामुळे तुलनेपुरताच त्यावर विश्वास. याच कारणानं व्हिडिओत ऐकून बेसचा अ‍ॅम्प निवडणाऱ्यांची मला काळजी वाटते.

त्यानंतर एका तारेवर एकेक फ्रेट चढत, एकाच जोरानं. दहा इंचीवर १०० हर्ट्झच्या आसपास स्पष्ट उंचवटा होता: डीच्या तारेवर पाचव्या फ्रेटपासून आठव्यापर्यंतचे सूर पुढे उडी मारत. दोन पाच इंचींवर चढण सरळ. मग लिमिटर, म्हणजे आवाज ठरावीक हद्दीपुढे जाऊ न देणारं सर्किट. हलकं वाजवायचं, मग दुप्पट जोरानं. आवाज त्या प्रमाणात वाढला नाही तर आत कुणीतरी दाबतंय. स्पीकर वाचवण्यासाठी लिमिटर ठीकच आहे, पण तो सरावाच्या पातळीवरच जागा होत असेल तर उजव्या हाताची सगळी असमानता झाकून टाकतो. दहा इंचीचा लवकर जागा होत होता.

खरखरीसाठी बेसची केबल अ‍ॅम्पमधून काढायची. खरखर तशीच राहिली तर ती अ‍ॅम्पची, थांबली तर बेसच्या प्रीअ‍ॅम्पची. इथे ती बेसची होती, ट्रेबल अर्ध्यावर आणल्यावर बसली. अशा बेसला अ‍ॅम्पमध्ये ट्वीटर (वरच्या सुरांसाठीचा छोटा स्पीकर) हवा, नाहीतर चार-पाच हजार हर्ट्झच्या वरचं सगळं हरवतं. तो ट्वीटर कमी करायची सोयही हवी.

हेडफोनचं भोक सगळ्यात दुर्लक्षित भाग. स्वस्त अ‍ॅम्पमध्ये ते पॉवर अ‍ॅम्पच्या आउटपुटवरूनच दोन मोठे रेझिस्टर घालून काढतात. त्यामुळे खरखर जशीच्या तशी कानात येते, आणि ३२ ओहमच्या हेडफोनला मागे शंभरावर ओहम दिसले की खर्ज फुगून ढिला होतो. हेडफोनच्या रोधाच्या आठव्या हिश्शाहून आउटपुटचा रोध कमी असावा. दोन पाच इंचींवर वेगळा हेडफोन अ‍ॅम्प होता, आणि बंद हेडफोनवर बीची तार अशी उतरली की वादक बराच वेळ त्याच तारेवर राहिला. सोबतीचं गाणं ब्लूटूथवरून सोडलं तर चालतं, वादक त्याच्या मागे जातोच. बेस स्वतः ब्लूटूथ हेडफोनवर ऐकू नये. बोट आणि आवाज यांत जाणवण्याइतकं अंतर पडतं.

खोलीचाही हात असतो. भिंतींत ३.५ मीटर अंतर असेल तर पहिली घुमणारी कंपनसंख्या ४९ हर्ट्झ, म्हणजे नेमका ईच्या तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी. कोपऱ्यात तो सूर गरजतो, खोलीच्या मधोमध गायब होतो. अ‍ॅम्प कोपऱ्यातून काढून स्टुलावर, कानाकडे थोडा तिरका ठेवला की पैसे न खर्चता निम्म्या तक्रारी जातात.

माझा कौल दोन पाच इंचींना होता. सराव म्हणजे हात ऐकणं, आणि त्या अ‍ॅम्पवर हात उघडा पडत होता: बीच्या तारेवर अंगठ्याचा टेका सुटला की ठोका पातळ व्हायचा आणि तो पातळ ऐकूही यायचा. वादकानं ते मान्य केलं. आणि मग दहा इंचीकडे वळून बसला. त्यावर तो जास्त मोकळा वाजवत होता, हे मलाही ऐकू आलं. त्या फुगीर १०० हर्ट्झमुळे खोलीत वाद्य भरल्यासारखं वाटत होतं. "त्याच्यावर मला चुका ऐकू येतात," तो म्हणाला, "याच्यावर वाजवावंसं वाटतं. वाजवलंच नाही तर चुका सुधारणार कधी?"

तो दहा इंची घेऊन गेला. नॉबशेजारी टेपचे तुकडे लावून खुणा करून दिल्या: ‘लो’चा नॉब घड्याळातल्या दहाच्या जागी, लो-मिडचा (खर्जाच्या लगेच वरच्या पट्ट्याचा) जरा कमी, म्हणजे उंचवटा पुष्कळ दबतो, घटवणारं बटण कायम दाबलेलं, आणि बीच्या तारेचा सराव वेगळ्या हेडफोन अ‍ॅम्पवर, अ‍ॅम्पच्या लाइन आउटमधून. लिमिटर बंद करायची सोय त्या अ‍ॅम्पवर नाही. मला तेच खटकतंय. तो मोकळेपणानं वाजवेल, रोज वाजवेल, आणि त्याचा हात जड होत चालला तरी अ‍ॅम्प त्याला ते सांगणार नाही.