गंधार उतरतोय

माझ्या वहीत त्या मुलाच्या पानावर एकच शेरा अकरा वेळा आहे: ‘गंधार उतरतोय,’ म्हणजे ‘ग’ त्याच्या जागेपेक्षा खाली लागतोय. तारखा बदलल्यात, शेरा तोच. शेवटच्या दोन वेळा तर कंटाळून मी नुसतं ‘गं. उ.’ लिहिलंय.

मी गोव्यातल्या एका संस्थेत सॅक्सोफोन शिकवतो. नाव राहू दे. पदवीची मुलं आठवड्यातून एकदा, तासभर, एकेकटी येतात. लहानशी खोली, दोन खुर्च्या, नोटेशनचा स्टँड आणि ओठांची ठेवण बघायला भिंतीवर आरसा. वर्गात तीस मुलं असली की मास्तरला लपायला जागा असते, इथे नसते. समोरच्याने बेसूर वाजवलं की ते थेट माझ्या कानावर आदळतं, आणि मी काही चुकीचं सांगितलं तर ते त्याच्या ओठांत जाऊन बसतं. यातल्या दुसऱ्या गोष्टीचा मी फारसा विचार केला नव्हता.

विद्यापीठात सॅक्सोफोन शिकायचा ही कल्पना तशी उशिराचीच. अॅडॉल्फ सॅक्सने १८४६ साली पॅरिसमध्ये वाद्याचं पेटंट घेतलं, १८५७ पासून तिथल्या कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे संगीत विद्यालयात, तो स्वतः शिकवायला लागला, पण १८७० मध्ये तो वर्ग बंद पडला तो थेट १९४२ साली मार्सेल म्यूल हा फ्रेंच सॅक्सोफोनवादक शिकवायला आल्यावर उघडला. मधली बहात्तर वर्षं हे वाद्य लष्करी बँडमध्ये, नाचाच्या हॉलमध्ये आणि रस्त्यावर वाढलं. आमच्या गोव्यात तर कुणी विद्यापीठाची वाट पाहिलीच नाही. चर्चच्या शाळेतल्या मेस्त्रीकडे, म्हणजे संगीताच्या मास्तरकडे, सोल्फेज (पाश्चात्त्य सरगम) घोकायचं, गावच्या फेस्ताच्या बँडमध्ये उभं राहायचं आणि मुंबईची बोट पकडायची. मुंबईची हॉटेलं आणि सिनेमाचे स्टुडिओ या मंडळींनी भरून टाकले होते. नेवऱ्याच्या ब्राझ गोन्साल्विस यांचं जॅझ याच मातीतलं. मला शिकवलं तेही मडगावच्या एका म्हाताऱ्या बँडवाल्याने, त्यांच्या ओसरीवर बसून, तासाचे पैसे न मोजता. आता मी तोच तास मस्टरवर सही करून देतो.

हा मुलगा फोंडा तालुक्यातला. घराणं देवळातल्या सनईवाल्यांचं. आजोबा सनई वाजवतात आणि हा लहानपणापासून त्यांच्या मागे सूर धरतो. सनईच्या साथीला ‘सूर’ म्हणून जे दुसरं वाद्य असतं, त्यावर फक्त षड्ज, म्हणजे ‘सा’, धरून ठेवायचा. गाल फुगवून त्यात हवा साठवायची, नाकाने श्वास घ्यायचा आणि सूर तुटू द्यायचा नाही. नवव्या वर्षापासून पंधराव्यापर्यंत, सहा वर्षं, या मुलाने फक्त ‘सा’ वाजवलाय.

पहिल्या तासाला मी सगळ्यांना सांगतो तेच त्यालाही सांगितलं: एक स्वर घे आणि दम असेल तितका वेळ लांबव. नवीन मुलं आठ-दहा सेकंदांत लाल होतात. याने स्वर धरला आणि सोडेचना. मी घड्याळ बघितलं, मग खिडकीबाहेर बघितलं, मग परत घड्याळ. दोन मिनिटं होऊन गेली तेव्हा मीच हात वर करून त्याला थांबवलं. त्याला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

सनई आणि सॅक्सोफोन दिसतात तितके लांबचे नाहीत. सनईला दुहेरी पत्ती, याला एकेरी वेताची. सॅक्सोफोनचं अंग पितळी असलं तरी ही पत्ती असल्यामुळे त्याची गणना काष्ठवाद्यांत होते. दोघांची नळी निमुळती, तोंडापासून खाली रुंदावत जाणारी. म्हणून दोन्हींवर जास्त दाबाने फुंकलं की स्वर बरोबर वरच्या सप्तकात उडी मारतो. क्लॅरिनेटची नळी एकसारख्या रुंदीची, तिथे ही उडी सप्तक ओलांडून वरच्या पंचमावर जाते. सनईवाल्याच्या नातवाला सॅक्सोफोन सोपा जाणार हे मला कळायला हवं होतं. कद्री गोपालनाथ यांची गोष्ट तर मी दर वर्षी वर्गात सांगतो: वडील नागस्वरम, म्हणजे दक्षिणेतलं सनईसारखं वाद्य, वाजवणारे, मुलाने म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये सॅक्सोफोन ऐकला आणि कर्नाटक संगीत त्यावर आणलं. सांगतो, आणि पुढच्या मिनिटाला ट्यूनर चालू करतो.

तर हा ट्यूनर. फोनवरचं साधं अॅप. स्वर वाजवला की सुई हलते, मधोमध आली की हिरवा दिवा. मुलाचा षड्ज हिरवा, पंचम हिरवा. गंधार आला की सुई डावीकडे. थोडी, पण दर वेळी. ‘जबडा सैल सोडू नको,’ मी सांगायचो. सॅक्सोफोनवर जबडा जरा ढिला केला की स्वर सहज उतरतो, वर चढवणं मात्र कठीण. म्हणजे ही सवयच, असा माझा निष्कर्ष. तो मान डोलवायचा, ओठ आवळायचा, सुई मध्ये यायची आणि चेहरा असा व्हायचा जसं काही मी त्याला चहात मीठ घालायला सांगितलंय. दोन ओळी पुढे गेला की गंधार परत खाली.

परीक्षा ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात होती. परतीचा पाऊस. दुपारी तीननंतर आकाश काळं होणार हे सगळ्यांना माहीत असतं, तरी परीक्षा साडेतीनलाच ठेवतात. सकाळी त्याच्या वाद्याची जी-शार्पची चावी चिकटली. दमट हवेत हे नेहमीचं: चामड्याची गादी भोकाच्या कडेला धरून बसते, स्प्रिंग तिला उचलू शकत नाही. मी खिशातली दहाची नोट गादीखाली सरकवली, चावी हलकेच दाबून नोट ओढून काढली, दोनदा. सुटली. विदेशात यासाठी खास कागद मिळतो म्हणतात, आमच्याकडे रिझर्व्ह बँकेची सोय आहे.

परीक्षक तीन: विभागप्रमुख, बाहेरून आलेल्या एक पियानोवादक बाई आणि मी. साथीला मडगावचा कीबोर्डवाला. संस्थेत पियानोही आहे, पण दमट हवेने त्याच्या निम्म्या पट्ट्या दाबल्या की खालीच राहतात. बाहेर बाकावर मुलाचे आजोबा बसलेले. पांढरा सदरा, मांडीवर कापडी पिशवी. सोमवार होता. संध्याकाळी देवळात पालखी, इथून थेट तिकडेच जायचं म्हणून पिशवीत सनई आणि सूर दोन्ही.

मुलगा उभा राहिला, पट्टा गळ्यात घातला, आणि वीज गेली. कीबोर्ड गप्प. जनरेटर आहे, पण तो फक्त कार्यालयाला. पावसाचा आवाज पत्र्यावर असा सुरू झाला की एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. दहा मिनिटं आम्ही तसेच बसलो. मग बाईंनी घड्याळ बघून विचारलं, साथीशिवाय काही वाजवता येईल का? स्वतःच्या आवडीचं काहीही.

मुलाने माझ्याकडे बघितलं. ‘सर, भूप वाजवू? आजोबा सूर धरतील.’

मी बाईंकडे, बाईंनी विभागप्रमुखांकडे. कुणी नको म्हणालं नाही. आजोबा चप्पल दाराबाहेर काढून आत आले, खुर्ची नको म्हणाले, भिंतीशी मांडी घालून बसले.

‘आमचा सूर काळी पाचच्या जवळ आहे,’ मुलगा म्हणाला. ‘थोडा खाली.’ काळी पाच म्हणजे पेटीच्या सप्तकातली पाचवी काळी पट्टी.

त्याचा सॅक्सोफोन अल्टो, म्हणजे टेनरपेक्षा लहान आणि चढ्या आवाजाचा. अल्टोचं एक गणित असतं. त्याच्यावर सी वाजवला की बाहेर पेटीची काळी दोन येते. टेनरवर तोच सी काळी पाच देतो. म्हणजे अल्टोवर काळी पाच हवी तर जी धरायचा, डाव्या हाताची तीन बोटं. हे गणित त्याला मी शिकवलं होतं. पुढचं मी शिकवलं नव्हतं: त्याने माउथपीस कॉर्कवरून जरासा, असेल दोनेक मिलिमीटर, बाहेर ओढला, फुंकलं, आणखी केसभर ओढला. आजोबांचा सूर आणि त्याचा षड्ज एकात एक गेले. दोनाचे एक झाल्यावर कान जो निवांत होतो, तो झाला.

मी सवयीने फोन मांडीवर ठेवून ट्यूनर उघडला होता. अंधारात सुई छान दिसत होती.

षड्ज, रिषभ, आणि गंधार. सॅक्सोफोनवर इथे तो बी, डाव्या हाताचं एकच बोट. भूपाचा वादी स्वर, सगळा राग ज्याच्याभोवती फिरतो तो. मुलाचा जबडा सैल झाला. मी अकरा तास ज्याला नको म्हणत होतो तसाच. सुई डावीकडे. आणि खोलीत असं झालं की सूर आणि सॅक्सोफोन यांच्यामधून कुणीतरी तिसरं वाजवतंय. पियानोवाल्या बाईंनी मान वळवून मागे बघितलं.

तंबोरा नीट लागला की त्यातून कुणी न छेडलेला गंधार ऐकू येतो, त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. हा काही चमत्कार नाही. कुठल्याही भरीव षड्जाच्या पोटात त्याच्या पाचपट कंपनांचा एक स्वर असतो, तो हाच गंधार, दोन सप्तकं वरचा. षड्जाशी त्याचं नातं पाचास चार. पेटी, पियानो, कीबोर्ड आणि माझा ट्यूनर यांचा गंधार मात्र सप्तकाचे बारा सारखे तुकडे करून आलेला. सप्तक १२०० सेंटचं धरलं तर यांचा गंधार ४०० वर बसतो, स्वयंभू ३८६ वर. फरक चौदा सेंटचा, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्श्याएवढा. मुलाची सुई जेवढी डावीकडे जायची, साधारण तेवढाच.

हे सगळं मला ठाऊक होतं. पुस्तकात वाचलेलं, परीक्षेत लिहिलेलं. पण माझे वडील डिचोलीला भजनी मंडळात पेटी वाजवायचे आणि माझा कान पेटीवर तयार झालेला. आकाशवाणीने १९४० साली पेटीला दार बंद केलं, त्यामागे या बांधलेल्या स्वरांचीच तक्रार होती. आमच्या घरी ती गोष्ट घरच्या माणसाचा अपमान सांगावा तशी सांगितली जायची. त्यामुळे पेटीचा गंधार चढा असतो हे माझ्या डोक्याला माहीत असेल, कानाला कधी कुणी सांगितलं नव्हतं.

मी फोन पालथा घातला.

तो सात-आठ मिनिटं वाजवत होता. फार काही केलं नाही. गंधारावरून पंचमावर जायचा, धैवताला स्पर्श करून परत गंधारावर येऊन थांबायचा. आजोबांचे गाल फुगलेले, डोळे मिटलेले, सूर एकदाही तुटला नाही. नातवाकडे त्यांनी बघितलंही नाही. सहा वर्षं हे उलटं चाललं होतं, हा मागे आणि ते पुढे.

संपलं तेव्हा आजोबांनी सूर पुसून पिशवीत ठेवला आणि नातवाला एवढंच म्हणाले, ‘बरें वाजयलें.’

इथे गोष्ट संपली असती तर माझी सोय झाली असती. पण वीस मिनिटांनी वीज आली आणि विभागप्रमुख म्हणाले, नियमाप्रमाणे साथीसह रचना व्हायलाच हवी. मुलाने माउथपीस परत आत ढकलला, कीबोर्डशी स्वर मिळवला आणि नेमलेली फ्रेंच रचना वाजवली. तिच्यात बी आला की गंधार उतरला. मी कान टवकारून ऐकत होतो, अगदी त्याच्या बाजूने, तरी उतरला. कीबोर्डचा गंधार आणि याचा गंधार एकमेकांना घासत होते. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि त्यांचं बरोबरच होतं.

म्हणजे माझे अकरा शेरे खोटे नव्हते. फक्त कशाच्या तुलनेत उतरतोय, हे मी एकदाही लिहिलं नव्हतं, त्याला सांगितलंही नव्हतं. तो बिचारा समजत होता की सर म्हणतात तर आपला कानच वाईट. त्याच्याच वयाच्या दुसऱ्या एखाद्याने सॅक्सोफोन सोडून दिला असता. आता आमच्या तासाला अर्धा वेळ तंबोरा आणि अर्धा वेळ कीबोर्ड असतो. तोच स्वर दोन्हीवर, दोन ठिकाणी लावायचा. त्याला हे तीन आठवड्यांत जमायला लागलं. मला अजून कीबोर्डवरून तंबोऱ्यावर आलं की पहिली दोन मिनिटं काही कळत नाही.

गुणपत्रिकेत ‘सुरेलपणा’ असा वीस गुणांचा रकाना असतो. मी वीज यायच्या आधी त्यात अठरा लिहिले होते. फ्रेंच रचनेनंतर खोडून बारा केले, मग तेही खोडून पंधरा. खाडाखोड केली की बाजूला सही लागते, म्हणून दोन सह्या केल्या. बाईंनी विचारलं, ‘ठरत नाहीये का?’ मी नाही म्हणालो.

बाहेर पाऊस थांबला होता. आजोबा बाकावर चप्पल घालत होते, पालखीला उशीर होत होता. मी त्यांच्याजवळ जाऊन नमस्कार केला. काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो, पण तेच आधी बोलले, आवाज खाली करून, माझी लाज राखल्यासारखे.

‘मास्तर, तुमच्या त्या पेटीचा गंधार चढलाय. कुणाला तरी दाखवून घ्या.’

मी म्हटलं, दाखवतो.